बेडकाचे आतडे, कर्नालची म्हैस

दिल्लीच्या कत्तलखान्यात कापलेल्या म्हशींचे बीजांडकोश एरवी टाकाऊच. त्यातले काही मात्र प्रतिजैविक मिसळलेल्या कोमट खारट पाण्यात ठेवायचे आणि चार-सहा तासांच्या आत सव्वाशे किलोमीटर उत्तरेला, कर्नालच्या राष्ट्रीय दुग्ध संशोधन संस्थेत पोचवायचे, असा तिथल्या प्रयोगशाळेचा शिरस्ता. रस्ता जुनाच, ग्रँड ट्रंक रोड. सोनीपत मागे पडले की पानिपत आणि पानिपतापासून आणखी ३४-३५ किलोमीटरवर कर्नाल. हाताने करायच्या पद्धतीने म्हशीचे क्लोन करण्याचे जगातले पहिले यशस्वी काम या कच्च्या मालावर उभे राहिले.

आपण मराठी माणसे पानिपतापर्यंत जातो, तिथल्या लढाईच्या स्मारकाला, काला आंबला, हात जोडतो आणि मागे फिरतो. खरे तर भाऊसाहेबांची फौजही आधी पुढे गेली होती. ऑक्टोबर १७६० मध्ये तिने जिंकलेले कुंजपुरा कर्नालच्या अगदी शेजारचे, आणि १९८९ पर्यंत पानिपत कर्नाल जिल्ह्यातच मोडत होते. लढाईचा विषय इथेच सोडू. या मुलखाची दुसरी ओळख म्हणजे मुऱ्हा म्हैस. काळीभोर, शिंगे जिलेबीसारखी वळलेली, दुधाला दांडगी. रोहतक, जिंद, हिसार हे तिचे माहेर. मुंबईच्या तबेल्यांत पिढ्यान्‌पिढ्या तीच बांधली गेली, आणि दुर्दैव असे की शहरात भाकड झालेली म्हैस पुन्हा गाभण राहीपर्यंत पोसणे तबेलेवाल्याला परवडत नाही. ती खाटकाकडे जाते. म्हणजे सगळ्यांत चांगल्या दूधवाल्या म्हशी निवडून शहरात न्यायच्या आणि त्यांचा वंश तिथेच संपवायचा, हे आपण अनेक दशके केले.

रेड्याचे तसे नसते. त्याचे वीर्य गोठवून ठेवता येते आणि एका रेड्यापासून हजारो रेडके मिळतात. म्हशीला मात्र दहा महिने गाभ सांभाळायचा, मग वेत आणि मध्ये भाकड काळ. आयुष्यात तिची रेडके मोजकीच. त्यात उन्हाळ्यात तिचा माज मुका असतो. ती माजावर आली हे मालकाला कळतही नाही. म्हणून एखाद्या असामान्य म्हशीची हुबेहूब प्रत काढता आली तर, या विचाराने कर्नालमध्ये काम सुरू झाले. पण त्या विचारामागे एक जुना आणि फार मूलभूत प्रश्न दडलेला आहे, आणि तो म्हशीच्या नव्हे, बेडकाच्या शरीरात सुटला.

प्रश्न असा. आपले शरीर एका फलित बीजांडापासून घडते. ती एक पेशी विभागत जाते आणि तिच्या लेकीबाळींतून कुणी कातडी होते, कुणी आतडे, कुणी मेंदू. आतड्याची पेशी पुढे आतड्याच्याच पेशी देते. ती चुकूनही डोळा बनवत नाही. मग डोळा घडवण्याची जनुके तिच्यापाशी उरतात, की वाढीच्या वाटेवर तिने ती गमावलेली असतात? एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जर्मन शास्त्रज्ञ ऑगस्ट वाइझमन यांनी गमावलेली असतात असे मानले होते. वाढ म्हणजे वारसाहक्काच्या मालमत्तेची वाटणी, प्रत्येक पेशीला तिचा तुकडा. हान्स श्पेमान यांनी १९३८ मध्ये याची कसोटी सुचवली: मोठ्या झालेल्या पेशीचे केंद्रक काढून रिकाम्या बीजांडात घालून बघायचे. ते करायचे कसे, हे त्या काळी कुणालाच ठाऊक नव्हते.

१९५२ मध्ये फिलाडेल्फियात रॉबर्ट ब्रिग्ज आणि थॉमस किंग यांनी बेडकावर ते करून दाखवले. अगदी कोवळ्या भ्रूणाच्या पेशीचे केंद्रक घातले तर बीजांडातून बेडूकमासा तयार होत होता. भ्रूण थोडा मोठा झाला की मात्र यश झपाट्याने कमी होते, हे त्यांना पुढच्या काही वर्षांत दिसले. त्यांचा निष्कर्ष सावध होता, पण कल वाइझमनच्या बाजूने झुकला: पेशी वाढली की केंद्रकात काहीतरी कायमचे बदलते.

इथे ऑक्सफर्डमधला एक विद्यार्थी येतो. जॉन गर्डन, जन्म २ ऑक्टोबर १९३३. ईटनच्या शाळेत जीवशास्त्रात तो वर्गाच्या तळाशी होता. १९४९ मध्ये त्याच्या शिक्षकाने प्रगतिपुस्तकात लिहिले की या मुलाला शास्त्रज्ञ व्हायचे आहे ही कल्पना हास्यास्पद आहे, त्यात त्याचा आणि शिकवणाऱ्याचाही वेळ वाया जाईल. शाळेने त्याला विज्ञानातून काढून ग्रीक-लॅटिनकडे वळवले. पुढे ऑक्सफर्डला प्रवेश मिळाला तो प्राणिशास्त्रात. लहानपणापासून फुलपाखरांचा नाद, म्हणून त्याने कीटकशास्त्रात पीएच.डी.साठी अर्ज केला. तो नाकारला गेला. मग भ्रूणशास्त्र शिकवणाऱ्या मिखाइल फिशबर्ग यांनी त्याला घेतले. ते प्रगतिपुस्तक गर्डन यांनी पुढे चौकट करून आपल्या टेबलाजवळ लावले, आणि नोबेल मिळाल्यावर जगभरच्या वर्तमानपत्रांनी ते छापले. गोष्ट छान आहे, पण तिच्या गाजावाजात त्यांचे काम झाकले जाते असे मला वाटते. शाळेत नापास ठरलेला मुलगा मोठा झाला, इतकेच लोकांच्या लक्षात राहते. त्याने केले काय, ते कुणी सांगत नाही.

फिशबर्ग यांच्याकडे झेनोपस जातीचा आफ्रिकी बेडूक होता. हा प्राणी त्या काळी दवाखान्यांत असे, कारण गर्भारपणाची चाचणी त्याच्यावर होई. बाईच्या लघवीचे इंजेक्शन मादी बेडकाला दिले आणि तिने अंडी घातली, तर बाई गर्भार. म्हणजे हव्या त्या दिवशी अंडी मिळवण्याची किल्ली तयारच होती. अडचण अशी की या अंड्याभोवतीचे जेलीसारखे वेष्टण फार चिवट. सुई आत जाईना. गर्डन यांनी अतिनील किरणांचा दिवा वापरला. त्याने अंड्याच्या स्वतःच्या गुणसूत्रांचा निकाल लागला आणि योगायोगाने वेष्टणही मऊ झाले. मग काचेच्या बारीक नळीने पोहत्या, खात्यापित्या बेडूकमाशाच्या आतड्याची पेशी शोषायची, तिचे आवरण फुटेल पण केंद्रक शाबूत राहील इतपत, आणि ती अंड्यात सोडायची.

सातशेहून अधिक केंद्रके त्यांनी अशी घातली. त्यातून पूर्ण वाढलेले, खाणारे बेडूकमासे झाले जेमतेम दीड टक्का. कुणी म्हणेल, हे तर अपयश. पण प्रश्न किती वेळा जमते हा नव्हताच. जमू शकते का, हा होता. आतड्याच्या एका जरी केंद्रकातून डोळे, हृदय, शेपटी असलेला जीव उभा राहिला, तर त्या केंद्रकात ती सगळी जनुके होतीच. मालमत्तेची वाटणी झालेलीच नव्हती.

शंका घ्यायला एक जागा उरत होती: अंड्याचे मूळ केंद्रक नीट मेले नसेल आणि जीव त्यातून झाला असेल तर? इथे जनुकशास्त्र मदतीला आले. फिशबर्ग यांच्या प्रयोगशाळेत बेडकांचा एक बदललेला वाण सापडला होता. नेहमीच्या पेशीच्या केंद्रकात केंद्रकाणू नावाचे दोन ठिपके दिसतात, या वाणात एकच. गर्डन यांनी केंद्रक एका ठिपक्याच्या वाणातून घेतले आणि अंडे दोन ठिपक्यांच्या मादीचे. जन्मलेल्या बेडूकमाशाच्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली धरल्या की एक ठिपका. शंका मिटली. भ्रूणशास्त्र आणि जनुकशास्त्र ही दोन घराणी त्या काळी एकमेकांशी फारसे बोलत नसत. हा प्रयोग दोघांनाही एकाच पंक्तीला बसवणारा होता.

निबंध छापून आला तो १९६२ मध्ये. मधल्या काळात गर्डन अमेरिकेत काम करत होते आणि बेडूक फिशबर्ग यांच्याबरोबर जिनिव्हाला गेले होते. तरीही लोकांनी सहज मानले नाही. पीएच.डी.च्या कामातून आलेला निष्कर्ष, आणि तोही ब्रिग्ज-किंगसारख्या नावाजलेल्या जोडीच्या उलट! अशा प्रत्यारोपणातून झालेले बेडूक वयात येऊन प्रजा देऊ शकतात हे १९६६ च्या निबंधात आले, पण खळखळ पुढेही चालू राहिली. ‘क्लोन’ हा वनस्पतीसाठी वापरला जाणारा शब्द माणसाच्या संदर्भात चर्चेत आणला तो जे. बी. एस. हाल्डेन यांनी, १९६३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानात. तेव्हा हाल्डेन भारतात राहत होते, भारतीय नागरिक झाले होते. म्हणजे या शब्दाच्या जन्मकुंडलीत आपलाही एक ग्रह आहे.

आता खरी मौज. अंड्यात असे काय असते की आतड्याचे केंद्रक तिथे जाऊन आतडेपण विसरते? जनुके तीच राहतात. कोणती चालू, कोणती बंद, यावर पेशीचा स्वभाव ठरतो. जनुकाच्या धाग्यावर आणि तो धागा ज्या प्रथिनांवर गुंडाळलेला असतो त्यांच्यावर रासायनिक खुणा असतात, आणि त्या खुणा पेशीबरोबर पुढच्या पेशीत जातात. अंड्यातली द्रव्ये या खुणा पुसून नव्याने घालतात. पण सगळ्या नाही. गर्डन यांनी सत्तरी ओलांडल्यावर आपल्या एका सहकाऱ्याबरोबर हेच तपासले. स्नायूपेशीचे केंद्रक अंड्यात घातले, भ्रूण वाढला, आणि त्या भ्रूणात जिथे स्नायू नसायला हवा तिथेही काही पेशी स्नायूचे जनुक चालू ठेवून बसलेल्या आढळल्या. मध्ये ते जनुक वापरात नसताना पेशी २४ वेळा विभागल्या, तरी जुनी आठवण टिकली होती.

हे समजायला पानिपतापेक्षा चांगले गाव नाही. युरोप-अमेरिकेत टाकून दिलेले लोकरी कपडे कांडला बंदरातून पानिपतात येतात. बायका त्यांची बटणे, चेन, अस्तर उसवून काढतात, मग यंत्रे त्या स्वेटरांच्या चिंध्या करून पुन्हा तंतू मोकळे करतात. त्यांचे सूत, सुताची ब्लँकेटे. तिथले लोक या मालाला ‘शोडी’ म्हणतात. स्वेटरचा आकार पुरता मोडला, विणीचा मागमूस राहिला नाही, पण रंग राहिला. नव्याने रंगवायचा खर्च वाचावा म्हणून कपड्यांचे ढीग आधीच रंगांप्रमाणे लावलेले असतात. लाल स्वेटरांचे ब्लँकेट लालच निघते. अंडे केंद्रकाची वीण मोडते, रंग मात्र दरवेळी धुऊन निघत नाही. पानिपतच्या कारखानदाराला तो रंग फायद्याचा. भ्रूणाला तो भोवतो. अर्धवट पुसल्या गेलेल्या आठवणी घेऊन वाढणारे बहुतेक भ्रूण मध्येच कोसळतात. कधी वार नीट बनत नाही, कधी वासरू अवाढव्य होते, कधी जन्मून चार दिवसांत जाते.

सस्तन प्राण्यांत हा अनुभव पदोपदी आला. स्कॉटलंडमधल्या रोझलिन संस्थेत ५ जुलै १९९६ रोजी डॉली जन्मली, सहा वर्षांच्या मेंढीच्या कासेतल्या पेशीपासून. त्यासाठी २७७ अंडी जुळवावी लागली होती. बेडकाचे अंडे मिलिमीटरभराहून मोठे, पाण्यात वाढणारे, डोळ्यांनी दिसणारे. मेंढीचे किंवा म्हशीचे मिलिमीटरच्या जेमतेम दहाव्या भागाएवढे, आणि ते पुन्हा गर्भाशयात रुजवायचे.

म्हशीच्या बीजांडाची तऱ्हा आणखी वेगळी. दुधात जशी चरबी, तशी तिच्या बीजांडातही. चरबीच्या थेंबांनी ते इतके काळपट दिसते की आतले काही कळत नाही. कर्नालमध्ये एस. के. सिंगला, एम. एस. चौहान, आर. एस. मणिक, प्रभात पाल्टा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी म्हणून हाताने करायची पद्धत घेतली. तिचा पाया गाबोर वैता या हंगेरियन शास्त्रज्ञाने घातला होता. लाखो रुपयांचे सूक्ष्मचालक यंत्र लागत नाही. बीजांडाचे बाहेरचे कवच विकराने विरघळवायचे. औषधाच्या परिणामाने गुणसूत्रांच्या जागी एक छोटा फुगवटा वर येतो, तो बारीक पात्याने हाताने कापून टाकायचा. असे बिनकेंद्रकाचे दोन तुकडे घ्यायचे, त्यांच्यामध्ये दात्या जनावराची एक पेशी चिकटवायची आणि विजेच्या हलक्या झटक्याने तिन्ही एकजीव करायचे. मग प्रयोगशाळेत आठवडाभर भ्रूण वाढवून दुसऱ्या म्हशीच्या गर्भाशयात रुजवायचा. कर्नालकरांनी यात फेरफार करून तिला ‘हस्तमार्गदर्शित क्लोनिंग’ म्हटले. हे वाचताना मला सर्वांत आवडते ते पाते. जगातला एक अवघड प्रयोग मनगट स्थिर असलेल्या माणसाच्या हातावर उभा आहे.

या संस्थेला या कामाची पार्श्वभूमी होतीच. १९२३ मध्ये बंगळूरला सुरू झालेली ही संस्था १९५५ मध्ये कर्नालला आली. १९२७ मध्ये बंगळुरात गांधीजी आणि मदनमोहन मालवीय तिथे गोपालनाचे धडे घ्यायला जात. १९९० मध्ये याच कर्नालमध्ये परीक्षानळीत फलन झालेले म्हशीचे पहिले रेडकू जन्मले, नाव ‘प्रथम’.

६ फेब्रुवारी २००९ रोजी कर्नालची पहिली क्लोन पारडी आली, समरूपा. आठवड्याच्या आत फुप्फुसाच्या आजाराने गेली. ६ जून २००९ रोजी गरिमा जन्मली. ती दोन वर्षे जगली. २२ ऑगस्ट २०१० ची दुसरी गरिमा मात्र भ्रूणातल्या मूलपेशीपासून केलेली. पेशी जितकी कोवळी तितक्या पुसायच्या आठवणी कमी, हे ब्रिग्ज आणि किंग यांना बेडकात आधीच दिसले होते. २०१३ मध्ये स्वर्ण नावाचा रेडा झाला, वीर्यात तुरळक सापडणाऱ्या शरीरपेशींपासून. कर्नालमध्ये या पद्धतीवर काम केलेले रियाझ अहमद शाह यांनी मार्च २०१२ मध्ये श्रीनगरच्या कृषी विद्यापीठात नूरी ही पश्मिना शेळी जन्माला घातली. आणि १६ मार्च २०२३ रोजी कर्नालला गीर कालवड गंगा जन्मली. तिच्यात गर्डनचा प्रयोग उघडा दिसतो: बीजांड साहिवाल गाईचे, केंद्रक गीरचे, गर्भाशय संकरित गाईचे, आणि वासरू गीर. बीजांडाकडून तिला फक्त पेशीतल्या ऊर्जाकणिकांची थोडी जनुके मिळाली. म्हणजे क्लोन ही शंभर टक्के प्रत नसतेच. तेवढ्या बाबतीत गंगा साहिवाल आहे.

गर्डन यांना नोबेल मिळाले ते २०१२ मध्ये, शिन्या यामानाका यांच्यासोबत. यामानाका यांनी २००६ मध्ये अंड्याला बाजूला सारले. चार जनुके घातली की उंदराच्या कातडीची पेशी पुन्हा मूलपेशी होते, हे त्यांनी दाखवले. त्यांचा जन्म १९६२ चा, म्हणजे ज्या वर्षी गर्डन यांचा निबंध आला त्याच वर्षीचा. गर्डन यांनी केंब्रिजमध्ये नव्वदीच्या उंबरठ्यापर्यंत काम केले. ७ ऑक्टोबर २०२५ रोजी वयाच्या ९२ व्या वर्षी ते गेले.

मग म्हशीचे काय? वर्तमानपत्रे दर क्लोननंतर लिहितात की आता दुधाची गंगा वाहणार. मला ते पटत नाही. रुजवलेल्या भ्रूणांपैकी फार थोडे जगतात, खर्च मोठा आहे, आणि शेतकऱ्याच्या गोठ्यातली म्हैस किती दूध देते हे जनुकांइतकेच तिच्या पुढ्यातल्या चाऱ्यावर आणि पाण्यावर ठरते. प्रत काढायला योग्य ती म्हैस आधी ओळखायला हवी, त्यासाठी गावोगाव दुधाची नोंद हवी, आणि आपल्याकडे नेमकी तीच पातळ आहे. पंढरपुरी म्हशीच्या बाबतीत हे महाराष्ट्रालाही लागू पडते. तलवारीसारखी लांब शिंगे असलेली, कमी चाऱ्यात, कोरड्या हवेत टिकणारी ती म्हैस क्लोन करण्याआधी मोजायला हवी.

तरी या कामात एक भाग असा आहे ज्याकडे मी आशेने बघतो. दुसऱ्या गरिमेला साध्या कृत्रिम रेतनाने गाभण केले आणि २५ जानेवारी २०१३ रोजी तिने महिमा नावाची निरोगी पारडी दिली. क्लोनमध्ये उरलेल्या जुन्या खुणा तिच्या लेकीत गेल्या नाहीत, कारण शुक्राणू आणि बीजांड घडताना शरीर त्या खुणा स्वतः पुसते. कुठल्याही प्रयोगशाळेला अजून ते तितके चोख जमलेले नाही. त्यामुळे क्लोन जनावर स्वतः नाजूक असले तरी त्याच्या संततीला तो धोका नाही. हिसारच्या केंद्रीय म्हैस संशोधन संस्थेत ११ डिसेंबर २०१५ रोजी हिसार गौरव हा क्लोन रेडा जन्मला तो याच हिशेबाने. जातिवंत रेड्याच्या शेपटीच्या कातडीतून त्याचे केंद्रक घेतले होते. अशा रेड्याचे वीर्य गोठवले की एका नळकांडीत त्याची जनुके गावोगावच्या म्हशींपर्यंत जाऊ शकतात. शेतकऱ्याच्या दारात क्लोन बांधायची गरजच पडत नाही.